सुकेळ्यांवरचा कॅमेरा

सुकेळ्यांना चांगलं पाच दिवसांचं ऊन लागतं, आणि रविवारी शकूला बघायला पाहुणे यायचे होते. पाहुण्यांपुढे घरचीच सुकेळी ठेवायची हा तिच्या आईचा, नर्मदाचा हट्ट. म्हणून मंगळवारी तिनं वाडीतल्या मांडवावर सोललेली राजेळी केळी ओळीनं वाळत घातली. बुधवारी शेजारच्या रिटायर झालेल्या फर्डिनंडनं कुंपणाशी उभं राहून तिच्या नवऱ्याला, आत्मारामला पेपर वाचून दाखवला. घोटाळा इथंच झाला.

कुठल्याशा दूरच्या बेटावरून दोन देशांची जुंपली होती. तिसऱ्याच देशाचा उपग्रह म्हणे वरून फोटो काढून एकाला पुरवत होता. आत्मारामनं आभाळाकडे पाहिलं, मग मांडवाकडे. चारशे टोकदार नग, सगळ्यांची तोंडं एका दिशेला.

“फर्डिनंड, वरनं हे काय दिसत असेल रे?”

फर्डिनंडला खोटं बोलायची सवय नव्हती. “तोफगोळे.”

“न विचारता फोटो काढायचा? वाडी माझी आहे!”

“वाडी तुझी. आभाळ कुणाच्या सातबाऱ्यावर नाय.”

“आणि फोटो बघून कुणी बॉम्ब टाकला, तर केस कुणावर? फोटोवाल्यावर की बॉम्बवाल्यावर?”

“त्याचा कायदा अजून झालेला नाय.”

कायदाच नाही म्हटल्यावर आत्मारामनं सुकेळी पेंढ्याखाली झाकली. गुरुवारी नर्मदानं पेंढा काढला, तर ती बाजाराला जाताच त्यानं ओळी मोडून केळी गोल मांडली.

“आता रडार वाटतंय,” फर्डिनंड म्हणाला.

आत्मारामनं ढीग केला.

“दारूगोळ्याचं कोठार.”

पुन्हा पेंढा आला. शुक्रवारी केळ्यांना आंबूस वास सुटला आणि नर्मदाला रडू कोसळलं.

“पोरीच्या पाहुण्यांपुढे काय ठेवू मी? तुमची लढाई?” तिनं पेंढा भिरकावला, बरी उरलेली केळी पुन्हा ओळीनं लावली आणि शिडी चढून मांडवाच्या मधोमध जाऊन बसली. “बघते आता कोण झाकतो. भाऊजी, फोटोत बाई दिसल्यावर तरी बॉम्ब टाकत नाहीत ना?”

फर्डिनंडनं पेपरची घडी घातली. त्यानं आतल्या पानावरची मेलेल्या बायकापोरांची बातमीही वाचलेली होती.

“बाई दिसते त्यांना, वैनी,” एवढंच तो म्हणाला.

आत्माराम खाली उभा राहिला. भीती गेली नव्हती, उलट वाढलीच होती. मग तोही शिडी चढला. मांडव करकरला.

“सरक जरा,” तो म्हणाला. “दोघं दिसलो तर घटकाभर विचार तरी करतील.”

नर्मदा सरकली.