निरंजनरावांची सर्वोत्तम कथा

संपादकांचा फोन आला तेव्हा स्नेहल पोह्यांवर खोबरं पेरत होती. निरंजनरावांनी सवयीने फोन स्पीकरवर टाकला. कौतुक एकट्याने ऐकण्यात त्यांना कधीच गोडी वाटली नव्हती.

"निरंजनराव, 'घरातला सूर्य' वाचली. अहो, काय कथा पाठवलीत! इतक्या वर्षांत असं काही दिलं नव्हतंत तुम्ही. दिवाळी अंकात पहिली कथा हीच."

स्नेहलच्या हातातली वाटी कलंडली. सगळं खोबरं ओट्यावर सांडलं.

निरंजनराव क्षणभर गोंधळले. या नावाची कथा लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण दारी आलेलं कौतुक परत पाठवणाऱ्यांतले ते नव्हते. "हं... ती होय," ते म्हणाले. "रक्त आटवलंय हो तिच्यात."

कथा स्नेहलची होती. पुण्याजवळच्या कासार आंबोली गावातल्या त्यांच्या बंगल्यात दुपारी निरंजनराव झोपले, की ती त्यांच्या लॅपटॉपवर चोरून लिहायची. खाली नाव घालायचं धाडस तिला झालं नव्हतं; छापणार म्हणाले तर कळवू, असं तिने ठरवलं होतं. फक्त पाठवताना स्वतःचा मेल उघडायचा राहून गेला. उघडा होता तो नवऱ्याचा.

पण खरी धास्ती वेगळीच होती. कथेतला लेखक म्हणजे साक्षात निरंजनराव होते. मुलीच्या लग्नात स्वतः रचलेल्या मंगलाष्टकांत स्वतःच्या पुस्तकांची नावं गुंफणारे. सासरे आण्णा यांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा "माझी नवी कादंबरी वाचायची आण्णांची राहिली," असं जाहीर करून घाटावर पहिलं प्रकरण वाचणारे. यातलं काहीही तिने मनाने रचलेलं नव्हतं.

"पुन्हा एकदा नजर टाकतो," म्हणत निरंजनराव लॅपटॉप घेऊन खोलीत गेले. स्नेहलने गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा बंद केला.

"बाई, त्वांड का उतरलंय?" पोळ्या लाटायला आलेल्या रंभाबाईंनी विचारलं.

"साहेब वाचतायत."

"मग? त्ये तर रोजच सोताचं वाचत्यात."

तेवढ्यात खोलीतून हसणं ऐकू आलं. मग टाळी. निरंजनराव डोळे पुसत बाहेर आले.

"काय माणूस उभा केलाय मी! हा कोण, ओळखलंस?"

स्नेहलने पोह्यांवर झाकण ठेवलं. "कोण?"

"जनार्दन! सरळ सरळ जनार्दन आहे हा!" जनार्दन म्हणजे पुण्यातले लेखक. ते आपल्यावर जळतात, असं निरंजनरावांचं ठाम मत होतं.

"अहो, पण तो कावळा..."

"तीच तर गंमत! अनुभव माझा, बांधला त्याच्या गळ्यात. याला म्हणतात प्रतिभा. पण मी हे लिहिलं कधी?"

"ऐका ना. ती कथा मी..."

"तू टाइप केलीस? वाटलंच. मला हल्ली झोपेतसुद्धा सुचतं."

अंक निघाला आणि फोन सुरू झाले. "स्वतःवर इतकं निर्दय लिहिलंत!" पहिल्या वाचकाने म्हटलं, तेव्हा निरंजनराव भडकले. दुसऱ्याला त्यांनी जनार्दनचं नाव सुचवून पाहिलं. तिसरा म्हणाला, "असं धाडस आज कुणातच नाही." दिवेलागणीपर्यंत जनार्दन कथेतून पार निघून गेला होता. "स्वतःला सोलायला काळीज लागतं," निरंजनराव चौथ्याला सांगत होते.

स्नेहल कात्रीत सापडली. आता सांगितलं तर नवऱ्याची चारचौघांत शोभा. न सांगितलं तर आयुष्यात लिहिलेली एकुलती एक कथा हातची गेली. रोज सकाळी ती सांगायचं ठरवायची आणि रोज चहाच्या आधी फोन वाजायचा.

मग हैबतराव आले. बंगल्याची जागा त्यांच्याच शेतातली. गावचं वाचनालयही तेच बघायचे.

"सायेब, लई ब्येस लिवलंय. आमी समद्यांनी मिळून वाचलं, पोट दुखंस्तवर हासलो. आयतवारी देवळात सत्कार करायचा, न्हाई म्हनायचं न्हाई."

निरंजनराव उभ्या आयुष्यात अशा गोष्टीला नाही म्हणाले नव्हते.

रविवारी सभामंडप भरला. शाल-श्रीफळ झालं. पहिल्या रांगेत स्नेहल पदर चुरगाळत बसली होती.

"त्यो कावळ्याचा परसंग खरा हाय का वो?" हैबतरावांनी विचारलं.

"शंभर टक्के," निरंजनराव अभिमानाने म्हणाले.

मागून रंभाबाई उठल्या. "आन् त्यातली त्याची बायकू? समदं निस्तरती, गप ऱ्हाती, आन् त्याला ठावंबी न्हाई. ती कोन?"

बायकांच्या माना हळूहळू स्नेहलकडे वळल्या. निरंजनरावांनीही तिच्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. समजलं. आता यांना सगळं समजलं. तिला भीतीही वाटली आणि, का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं.

निरंजनरावांनी माइक जवळ ओढला.

"बायको होय? कथेत तेवढं एकच पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे."

स्नेहल हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. शेजारच्या बायका बघत राहिल्या.

आपलं वाक्य एवढं रंगलेलं पाहून निरंजनरावांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.