शामरावांचा तांबडा दिवा

दत्तारामच्या टॅक्सीतलं शामरावांचं भूत शनिवारी भरदुपारी, घोडपदेवच्या अख्ख्या चाळीदेखत निघून गेलं. तूर्त असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

शामराव म्हणजे टॅक्सीचे आधीचे मालक. गाडीला तेल पाजल्याशिवाय स्वतः चहा न घेणारे. ते वारले आणि गाडी दत्तारामकडे आली. त्याच्या बायकोनं, कौसल्येनं, लगेच बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. त्या दिवसापासून स्टिअरिंगसमोरचा तेलाचा तांबडा दिवा विझेना. इंजिन सुरू झालं की तो विझायचा असतो. हा नुसता बघत राही. सांजवेळी दत्तारामचं तोंड त्या उजेडात असं दिसे की गिऱ्हाईक परळला जायचं असलं तरी लालबागलाच उतरे.

"शामराव तेल मागतायत," चाळीनं निदान केलं.

दत्तारामनं तेल ओतलं. दिवा तसाच. आणखी ओतलं. मग मागून निळा धूर येऊ लागला, धूप घातल्यासारखा. कौसल्येनं लिंबं वाढवली.

"रविवारी समितीच्या सभेचा कर्णा लागणार ना टपावर?" ती म्हणाली. "त्याआधी ता काय असात ता घालवा. नायतर गाडी इका. मी चललंय देवगडाक, पोरांका घेऊन."

म्हणून शनिवारी दगडू आला. दत्तारामचा दोस्त, गिरणीत वायरमन. गाडीखाली शिरून त्यानं जादा तेल सोडलं आणि टाकीखालचा बोल्ट नुसता हातानंच आवळला. "पाना मागनं आणतो." मग बॉनेट उघडून म्हणाला, "किल्ली फिरव. हा बघ तेलाचा स्विच. ह्याची वायर काढली की दिवा मेलाच पायजे."

"आणि नाय मेला तर?"

"गप रे."

त्यानं वायर उपटली. तिचं टोक हवेत लोंबू लागलं.

दिवा चालूच होता.

वरच्या मजल्यावर एक खिडकी आपोआप लागली. दगडू जिन्यावरून बोलू लागला; तो तिथे कधी पोचला, कुणी पाहिलं नाही.

"दत्त्या, वायर मधीच कुठंतरी पत्र्याला लागलीय. नायतर मग शामराव हायेत."

"नक्की काय?"

"आधी वायर बघ ना तू!"

दत्तारामनं वायर चाचपली. लिंबं ओवलेल्या तारेचं टोक बॉनेटखाली दबून, वायरचं रबर फोडून पत्र्याला टेकलं होतं. लिंबू उचललं, दिवा विझला. ठेवलं, पेटला.

"म्हणजे भूत लिंबातच?" शेजारच्या राधाबाईंनी गॅलरीतून विचारलं.

"लिंबाक नावा ठेवू नको हां!" कौसल्या कडाडली. "तार ह्येंनी आणलेली."

लिंबं दोऱ्यात ओवली गेली. दिवा मेला. कौसल्येनं चाळभर साखर वाटली आणि देवगडची ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. दगडूनं दोनदा साखर घेतली. पाना आणायला गेला नाही.

रविवारी टपावर कर्णा, आत माईक धरून दगडू. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." लालबागला इंजिनानं एकच आचका दिला आणि ते कायमचं गप्प झालं. मागे घोडपदेवपर्यंत तेलाची काळी रेघ. बोल्ट वाटेत कुठेतरी उतरला होता.

"दिवा नाय लागला?" दगडूनं विचारलं.

"लागंल कसा? काल तूच मारलास ना त्याला!"

दगडूनं बॉनेट उघडलं. स्विचची वायर कालच्यासारखीच हवेत लोंबत होती. दोऱ्यातली लिंबं मात्र ताजी, टवटवीत.

दत्तारामनं त्याच्या हातून माईक घेतला. कर्णा लालबागभर घुमला:

"कैलासवासी शामराव यांना विनंती करण्यात येते, की ते जिथं असतील तिथून त्यांनी सदर वाहनात तात्काळ हजर होऊन आपला तांबडा दिवा पूर्ववत लावावा. आणि देवगडची गाडी सुटण्यापूर्वी आमच्या सौभाग्यवतींची समजूत घालावी."