पाणीचोरी, नमुना तीन

कालवा म्हणजे पाणी नव्हे, व्यवस्था आहे. पाणी काय, ढगातूनही पडतं. त्याला काही शिस्त असते?

त्रेचाळीस साल. लढाई जोरात. जबलपूरच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या चालून राहिल्या होत्या, अन् सरकारला धान्य कमी पडून राहिलं होतं. म्हणून शहरातल्या घमापूरहून सायकलने दीड तासावर, जिथे बोरीशिवाय काही उगवत नव्हतं अशा माळावर, त्रेसष्ट प्लॉटची वसाहत टाकली आणि तिच्यासाठी कालवा खोदला. नर्मदामाई पाच कोसांवरून वाहतच होती, पण तिने अर्ज केलेला नव्हता.

मी त्या कालव्याच्या ऑफिसात कारकून. कालवा अव्वल होता, खोटं काहून बोलू? लोखंडी दार, दाराला कुलूप, कुलपाला चौकीदार. फक्त ज्या नाल्यातून पाणी घ्यायचं, त्याच्यापेक्षा कालव्याचं तोंड चार हात उंच निघालं. (इंजिनियर साहेबांच्या मते चूक नाल्याची.)

नियम नऊ असा होता: कालव्याच्या उद्घाटनापासून वर्षभरात जो प्लॉट कालव्याच्या पाण्याने भिजला नाही, तो सरकारजमा.

पहिली नोटीस भाऊरावला गेली. भाऊरावने कारखान्यात लेथवर दोन बोटं दिली, तेव्हा कुठे त्याला हा प्लॉट मिळाला. उरलेल्या आठ बोटांनी त्याने घर बांधलं. बायको अनसूयेला घेऊन तो धावतच ऑफिसात आला.

"भैया, आठ दिवसांत घर खाली करा म्हणते! पाणी आलंच नाही, असं लिहून द्या ना."

"त्याचा फॉर्म नाही," मी म्हणालो.

"मंग कायचा आहे?"

"नमुना एक, पाणी जास्त आलं. नमुना दोन, शेजाऱ्याने अडवलं. नमुना तीन, पाणी चोरलं. तीनचे गठ्ठे पडले आहेत. चोरलं म्हणजे प्लॉट भिजला. भिजला म्हणजे तुझा."

अनसूया म्हणाली, "भावजी, यांना जमन काय पण? बावीस वर्षांत कारखान्यातून एक खिळा नाही आणला यांनी."

"वहिनी, सुरुवात कधी तरी करावीच लागते."

"लिहा मग," ती म्हणाली. "चोराची बायको म्हणवून घेईन, पण घर नाही सोडत."

सुनावणी आमच्या ऑफिसचे मोठे साहेब, नीलकंठराव, यांच्यापुढे झाली. साहेबांनी चष्मा पुसला. "अच्छा. किती पाणी चोरलं?"

"जेवढं होतं तेवढं सगळं, साहेब."

साहेबांचे डोळे भरून आले. वर्षभर राजधानीतून, नागपूरहून, विचारणा होऊन राहिली होती, पाणी शेवटच्या प्लॉटपर्यंत पोचतं की नाही. आता शपथेवर पुरावा मिळाला. त्यांनी भाऊरावचा प्लॉट कायम केला, आणि शिक्षा म्हणून एक दिवस कालव्यातला गाळ काढायला लावला. (गाळ नव्हता. आधी टाकावा लागला.)

बातमी वसाहतीत फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिससमोर रांग.

"माझी चोरी मोठी लिहा भैया, माझा प्लॉट मोठा आहे!"

"ए, मागे हो! मी परवापासून चोरून राहिलो!"

महिनाअखेरचा तक्ता असा: प्लॉट त्रेसष्ट, चोऱ्या चौसष्ट, कबुल्या शंभर टक्के. (चौसष्टावी चौकीदाराची. त्याला प्लॉट नव्हता, पण एकट्याने प्रामाणिक राहणं त्याला बरं दिसेना.) नागपूरहून शाबासकी आली. एवढं पाणी चोरीला जाऊन राहिलं म्हणजे कालवा अपुरा पडून राहिला, हे उघड होतं. तेव्हा पहिल्याला लागूनच दुसरा मंजूर झाला. इंजिनियर तेच.

भाऊराव आजही तिथेच राहतो. वसाहतीचा पहिला चोर म्हणून लग्नाकार्यात पहिलं पान त्याचं. अनसूया ते पान हसत हसत स्वतः वाढते.

भाऊरावचं घर वाचलं, तुम्हालाही बरं वाटलं ना? वाटणारच, भली माणसं तुम्ही. पण इथपर्यंत वाचत आले अन् त्या माळावर पाणी शेवटी आलं काय, हे तुम्ही एकदाही नाही विचारलं. अशीच माणसं आमच्या ऑफिसला लागतात. उद्या दहाला या, दुसऱ्या कालव्याची भरती चालू आहे.