दोन दाबांमधल्या गप्पा

मालकांच्या जावईबापूंनी कारखान्यात आल्या आल्या काय बंद केलं असेल, तर गप्पा. सासऱ्यांनी त्यांना एकच दिवस दिला होता. संध्याकाळपर्यंत वीस पट्ट्या काढून दाखवा, नाहीतर उद्यापासून ऑफिसात बसून नुसत्या सह्या करा!

रोलिंग मिलच्या अलीकडे मिस्त्री, पलीकडे त्यांचे व्याही. लालबुंद पट्टी रोलमधून दाबून यांनी तिकडे पाठवायची, त्यांनी परत इकडे. पण दर खेपेला पट्टी सांडशीत धरून दोघांचं सुरू व्हायचं.

"नातवाला दात आले का हो?"

"दोन आलेत. सगळ्यांना चावत सुटलाय."

जावईबापूंनी घड्याळ लावलं. खेपेला बारा सेकंद वाया! "तोंडं बंद. पट्टी आली की लगेच आत."

"साहेब, तिला जरा दम खाऊ द्यावा लागतो," मिस्त्री म्हणाले.

"तिला, की तुम्हाला?"

व्याही-व्याही गप्प झाले. तीन खेपा झपाझप झाल्या. चौथीला रोल कण्हले, पाचवीला मोटार बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. जावईबापूंनी भट्टी वाढवली, इलेक्ट्रिशियनला झापलं, अडकलेली पट्टी ओढायला स्वतः वाकले आणि घड्याळ रोलखालच्या खड्ड्यातल्या पाण्यात घालवून बसले. दुपारपर्यंत निघाल्या तीन पट्ट्या. शेवटी त्यांनी हात टेकले.

"मिस्त्री, तुम्ही करता तरी काय?"

"काही नाही. दाबलं की पोलाद आतून ताठतं. गरम असताना जरा सोडलं, की आपलं आपण मऊ पडतं. सोडलंच नाही तर दर दाबाला आणखी ताठ. मोटार बिचारी काय करणार?"

"मग बोला ना! पूर्वीसारखं बोला!"

पट्टी आली. मिस्त्रींनी व्याह्यांकडे पाहिलं, व्याह्यांनी छताकडे. "हुकमावर काय बोलणार साहेब?" मिस्त्री म्हणाले. "आणि बोलल्याशिवाय किती थांबायचं, याचा आमचा अंदाज लागत नाही."

पट्टी गार व्हायला लागली. जावईबापू तोंडाला येईल ते बोलून गेले, "मला सासऱ्यांची फार भीती वाटते हो! समोर बसले की घास उतरत नाही घशाखाली."

"घाला!" व्याही ओरडले. पट्टी सुतासारखी सरळ गेली. "हं, मग पुढं?"

पुढं बरंच होतं. अठराव्या पट्टीपर्यंत जावईबापूंचा सगळा संसार सांगून झाला, आणि विसाव्या पट्टीच्या शेवटच्या खेपेला त्यांनी सहज मागे वळून पाहिलं. सासरे उभे होते.

"कधी आलात?"

"चौदाव्या पट्टीला."

मिस्त्री कासावीस झाले, "अहो, कुणीतरी बोला, गार होतेय!"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "मी माझ्या सासऱ्यांसमोर," ते म्हणाले, "चार वर्षं खुर्चीत बसलो नव्हतो."