पुढचा आस, पुढची आस

एका जंगलात आधी रस्ता आला आणि मग ट्रक. नाही, थांबा मुलांनो. बहुधा ट्रक आधी आला आणि तो चालवायचा कुठे म्हणून मग रस्ता केला. ते राहू द्या. ट्रक फार मोठा होता, एवढे नक्की. मागे चाकेच चाके होती. पुढे मात्र दोनच. मागच्या चाकांना नुसते ओझे वाहायचे होते. पुढच्या दोघांना ओझे वाहून शिवाय वळायचेही होते. या दोघांना धरून ठेवणारा जो जाड लोखंडी दांडा असतो, त्याला आस म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यातच आहे.

ट्रक शिदबा नावाचे अस्वल चालवत असे. त्याचे दंड दांडगे होते, भाषा मात्र रानातली.

त्या वर्षी सिंहमहाराजांचा काळ्या दगडाचा पुतळा घाटापलीकडे न्यायचे ठरले. पुतळा ट्रकच्या मध्यावर ठेवावा असे हमाल रेड्यांच्या मनात होते. पण प्रधान कोल्हा म्हणाला की महाराज आजवर कधी मध्ये उभे राहिलेले नाहीत. पुतळा सरकत सरकत ड्रायव्हरच्या पाठीला येऊन टेकला. महाराजांच्या मागे आदराने मोकळी जागा सोडण्यात आली. मग मंत्री चढले. मागे कोण बसणार? मागे बसलेल्याला मिरवणुकीत कोणी पाहत नाही. सगळे पुढे सरकले. ट्रकचे नाक खाली गेले आणि शेपूट वर आले.

शिदबाने गाडी मैदानात फिरवून पाहिली. स्टिअरिंग वळेना. दोन्ही पाय फळीला लावून त्याने ते ओढले, तेव्हा ट्रक कसाबसा वळला आणि खालून कुरकुर ऐकू आली. शिदबाने खाली वाकून पाहिले आणि तो तसाच दरबारात गेला. घाटात घारीचे वळण होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे स्टिअरिंग असे अडले, तर तक्रार करायला तो उरणार नव्हता.

"प्रधानजी, पुढचा आस तुटत आलाय," तो म्हणाला. "पुतळा मागं सरकवा."

कोल्ह्याने डोळे मिटले. त्याला कुठेतरी दुखले होते.

"तुटत आलीय," तो म्हणाला.

"काय?"

"आस. आस स्त्रीलिंगी आहे, शिदबा. पुढची आस तुटत आलीय."

आस म्हणजे आशा, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होते. दांडा असलेला आस कोणालाच ठाऊक नव्हता, कारण तो पाहायला ट्रकखाली वाकावे लागते. आता पुढची आस म्हणजे उद्याविषयीची आशा. बिचारा ड्रायव्हर खचला आहे, असे सर्वांचे मत पडले. शिदबाने दोन्ही हात पसरून दांडा केवढा ते दाखवले. आशा एवढी मोठी होती हे पाहून दरबार आणखीच हळहळला.

वजनाचा मुद्दा कोल्ह्याने ऐकून घेतला, नाही असे नाही. एकूण वजन परवानगीत बसत होते. त्याला चाकांनी भागले, तर एकेका चाकाच्या वाट्याला इतके थोडे येत होते की चाकांनी लाजावे. राहता राहिला शिदबाचा धीर. त्यासाठी आशावादावर व्याख्याने देणारा एक पोपट नेमण्यात आला. ट्रकवर तो कुठे बसणार, हा प्रश्न निघालाच नाही. तो पुढे बसला. त्याचे पितळी व्यासपीठही पुढेच बसले.

पोपट शिदबाकडून रोज शुद्ध वाक्ये घोकून घेऊ लागला. शिदबाला ते आवडूही लागले. दरबारी आता त्याला अहोजाहो करत होते. तो मान त्याने आयुष्यात प्रथमच चाखला.

निघायच्या दिवशी त्याची बायको ठकूबाई हातात डबा देत म्हणाली, "अहो, त्या दांड्याचं काय झालं?"

"ती बरी आहे," शिदबा म्हणाला.

मिरवणूक निघाली. घाटाच्या चढावर भार थोडा मागे गेला आणि स्टिअरिंग हलके झाले. पोपटाने हा आपला गुण मानला. मग उतार लागला. सगळा भार पुन्हा पुढच्या दोन चाकांवर आला. आणि घारीच्या वळणावर खालून कडाडले.

"आस तुटली!" शिदबा ओरडला. इतके शुद्ध तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

मागे लोंबकळणाऱ्या रेड्यांना दांडा चांगला ठाऊक होता. 'तुटला' ऐकले असते, तर त्यांनी पटापट उड्या टाकल्या असत्या. 'तुटली' ऐकून त्यांना वाटले, मोठ्यांचे काहीतरी चालले आहे. मंत्र्यांनी धीर देण्यासाठी टाळ्या वाजवल्या. "सोडू नका, शिदबा," पोपट म्हणाला.

शिदबाने सोडले नाही. त्याने स्टिअरिंग गरगर फिरवले. चाकांना त्याची खबरच नव्हती. रस्ता वळला, ट्रक सरळ गेला.

पोपट उडाला. त्याला पंख होते. शिदबा एका झाडाला लटकला आणि मोडक्या पायानिशी वाचला. मंत्री करवंदीच्या जाळ्यांत अडकले. रेड्यांची मोजदाद अजून व्हायची आहे.

चौकशी मात्र तत्परतेने झाली. 'ड्रायव्हरने ऐन वळणावर आस सोडली,' असा निष्कर्ष निघाला. नवा ट्रक मागवला गेला. त्याच्यावर पाटी लागली: 'पुढची आस जिवंत ठेवा.' पाटी ओतीव लोखंडाची होती. ती पुढे लावली.

शिदबा घरी पाय बांधून पडला होता.

"ठकू, आस तुटली गं," तो म्हणाला.

ठकूबाईने घोंगडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

"तुटला म्हणा," ती म्हणाली. "इथं कोणी नाही."

तात्पर्य मागितल्याशिवाय तुम्ही उठणार नाही, म्हणून देतो: ओझे कुठेही ठेवा, वाक्य शुद्ध असले की अपघात होत नाही. होते ती निराशा, आणि ती स्त्रीलिंगी आहे.