बालाजीची गुप्त चौकशी

परभणीत वसमत रोडला, एका फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर अवधूत सरांनी 'कानोसा गुप्त चौकशी सेवा' उघडली, तेव्हा आपण यशस्वी होणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बारा वर्षं त्यांनी विनाअनुदानित शाळेत शिकवलं होतं, आणि परीक्षेला पहारा दिला होता. पोराचा चेहरा पाहून चिठ्ठी बाहीत आहे की मोज्यात, हे ते दारातूनच सांगायचे. मग मोठ्या माणसांच्या लबाडीची काय बिशाद! शिवाय मोबाईलवर पंधरा दिवसांचा गुप्तहेरीचा कोर्स झाला होता, आणि त्यात वेशांतराला त्यांना सगळ्यांत जास्त गुण होते.

त्यांच्या बायकोला, उत्तराला, एक गोष्ट कळत नव्हती. ज्या गावात आपल्या घरी काल कोणती भाजी झाली हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ठाऊक असतं, तिथे गुप्तहेर लागतो कुणाला? दोन महिने माडीवर फरसाणाच्या वासाखेरीज कोणी चढलं नाही, त्यामुळे तिचं म्हणणं सरांनाही हळूहळू पटू लागलं होतं.

आणि एका बुधवारी पालमचे दिनकरराव आले.

त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, स्थळ आलं होतं. मुलगा बालाजी, पोखर्णीच्या पुढच्या एका वाडीचा. पुण्याला कंपनीत नोकरी, घरी ट्रॅक्टर, दावणीला म्हशी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. मध्यस्थाला रविवारीच सुपारी फोडायची घाई होती, पण दिनकररावांनी मुलाकडे अजून होकार कळवला नव्हता. दिनकररावांनी तिघा-चौघांना विचारलं होतं. सगळ्यांनी मुलाला सोनं म्हटलं होतं, आणि नंतर कळलं की सगळे मुलाचेच सोयरे होते.

"एकुलती एक पोरगी हाय, सर," दिनकरराव म्हणाले. "एकदा दिली की वापस आणता येत न्हाई. तुमी फकस्त खरं काय ते सांगा. चांगलं असो, वाईट असो."

सरांना एकदम भरून आलं. इतक्या विश्वासाने त्यांच्याकडे शाळेतही कोणी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी सर भाविकाच्या वेशात निघाले. कपाळाला गंध, खांद्याला शबनम, हातात प्रसादाचा पुडा. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला आलो आणि वाट चुकून वाडीत शिरलो, असा बनाव होता. वाडीच्या चहाच्या टपरीवर त्यांनी अर्धा कप घेतला, ऊन फार असल्याचं सांगितलं, आणि मग अगदी सहज, आभाळाकडे पाहत, बालाजी नावाचा मुलगा कसा आहे हो, असं विचारलं.

चहावाल्याने स्टोव्ह बंद केला.

कोर्समध्ये एक गोष्ट शिकवलेली नव्हती. आपल्या भागात इस्त्रीच्या कपड्यातला परका माणूस गावात येतो आणि बिनलग्नाच्या पोराचं नाव काढतो, तेव्हा तो एकाच कामासाठी आलेला असतो. तो मुलीचा बाप असतो! आणि या वाडीत तिशी ओलांडलेली सतरा पोरं बिनलग्नाची होती. शेतकऱ्याच्या घरात कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. मुलीचा बाप शेवटचा कधी आला होता, यावरून टपरीवर वाद व्हायचे. त्यामुळे वाडीने एक नियमच केला होता: कुणाच्याही पोराची चौकशी आली तरी अख्ख्या वाडीने एका तोंडाने बोलायचं, आणि ज्याच्या घरी जे असेल ते काढून द्यायचं.

सर म्हणाले की मी मुलीचा बाप नाही. चहावाला हसला. मुलीचा बाप पहिल्या भेटीत कबूल थोडाच करतो? सर म्हणाले की खरंच वाट चुकलो. तेव्हा तर टपरीची खात्रीच पटली, कारण मागच्या वेळचा बापही वाट चुकूनच आला होता.

पाच मिनिटांत बालाजीचे चुलते माणिकराव हजर झाले आणि सरांचा हात धरून घराकडे निघाले. धरलेला हात त्यांनी घर येईपर्यंत सोडला नाही. वाटेत एक ट्रॅक्टर धूळ उडवत त्यांना मागे टाकून गेला आणि त्याच घराच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मागोमाग एक माणूस दोन म्हशी ओढत आला. म्हशींना त्या दावणीची ओळख नव्हती, त्या सारख्या परत फिरत होत्या. सरांच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही. मोज्यातल्या चिठ्ठ्या पकडणारा डोळा होता तो! मनातल्या मनात ते अहवाल लिहू लागले.

पण तेवढ्यात बालाजीची आई, कस्तुराबाई, पोह्यांची बशी घेऊन आली. तिचे डोळे पाणावलेले होते. "लय वाट पाह्यली बघा तुमची," ती म्हणाली. खरं सांगून टाकावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण वेश उतरवायचा नाही, हा कोर्सचा पहिला धडा होता. माझं एकच लेकरू आहे आणि ते फार लहान आहे, एवढं मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आईबापाला लेकरू लहानच वाटतं, असं म्हणून कस्तुराबाईने आणखी पोहे वाढले.

मग सरांना टिळा लागला. अंगावर टॉवेल आला, डोक्यावर टोपी, हातात नारळ. बालाजीच्या नागेश नावाच्या चुलतभावाने फोटो काढला. फोटोत सर माणिकरावांच्या शेजारी असे उभे होते, की पाहणाऱ्याला मुहूर्त तेवढा विचारायचा राहावा.

बालाजी स्वतः त्यांना मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला आला. फाट्यावर गाडी बंद करून, खाली मान घालून म्हणाला, "ट्रॅक्टर काकाचा हाय. म्हशी शेजाऱ्याच्या. पुण्याची कंपनी बंद पडून वरीस झालं. चाळीस शेळ्या हायत, त्या तेवढ्या माझ्या. धंदा बरा चालायलाय. हे समदं तुमच्या पोरीला सांगा, अन् मंग तिला काय म्हणायचं ते म्हणू द्या."

एस.टी.त सरांनी झकास अहवाल लिहिला. पण नागेशचं स्टेटस एस.टी.पेक्षा जोरात गेलं. 'नवीन पाहुण्यांचे सहर्ष स्वागत' असं त्याने फोटोखाली लिहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पालमला पोचलं होतं.

शुक्रवारी सकाळीच दिनकरराव अपेक्षाला घेऊन सरांच्या घरी धडकले.

"आमी तुमाला चौकशीला पाठिवलं," ते म्हणाले, "अन् तुमी सवताच्या पोरीसाठी पोरगं उडवलं!"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली उत्तरा उंबऱ्यातच थांबली. "कोणत्या पोरीसाठी?" तिने शांतपणे विचारलं. ती शांतता सरांच्या चांगल्या ओळखीची होती.

सरांनी घाईघाईने अहवाल वाचून दाखवला. ट्रॅक्टर उसना, म्हशी उसन्या, नोकरी गेलेली. दिनकरराव ऐकून घेईनात. गुप्तहेर माणूस चौकशीला जातो आणि स्वतःच टोपी घालून येतो, म्हणजे मुलगा केवढा अव्वल असेल! आता आमचं मोडावं म्हणून तुम्ही त्याला नावं ठेवताय, ते म्हणाले. रविवारपर्यंत थांबायचंच नाही, आज दुपारीच जाऊन सुपारी फोडायची. सर अक्षरशः रडकुंडीला आले. आयुष्यातली पहिली चौकशी त्यांनी शंभर टक्के खरी केली होती, आणि त्याच चौकशीच्या जोरावर एका मुलीचं लग्न उसन्या ट्रॅक्टरशी लागणार होतं.

शेवटी उत्तराने आतून रेशनकार्ड आणून दिनकररावांच्या पुढ्यात आपटलं. दिनकररावांनी ते दोनदा वाचलं. कार्डावर नवरा, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा, एवढेच होते. दिनकररावांचा चेहरा पडला. म्हणजे अहवाल खरा. म्हणजे स्थळ गेलं.

तेव्हा अपेक्षा पुढे झाली. ती पालमला औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डॉक्टरांचं अक्षर लावायची तिला सवय होती. सरांचा अहवाल तिने स्वतः हातात घेऊन खालपर्यंत वाचला.

"नोकरीचं, शेळ्यांचं त्यानं आपणहून सांगितलं, सर?"

"आपणहून."

"तुमाला पोरीचा बाप समजून?"

"हो."

अपेक्षा वडिलांकडे वळली. "आबा, अख्खी वाडी खोटं बोलली अन् ह्यो एकटा खरं बोलला. मला वाडीसंगं लगीन करायचं न्हाई. मला ह्योच चालंल."

दिनकररावांनी रेशनकार्ड उत्तराला परत दिलं. मग त्यांनी चाळीस शेळ्यांना दूध किती असतं, असं सरांना विचारलं. सरांना ते ठाऊक नव्हतं.

लग्नाला सर उत्तराला घेऊन गेले. वाडीने त्यांना मांडवात पाहिलं आणि सगळ्यांचा जीव हळहळला. बिचाऱ्याच्या हातचा मुलगा पालमवाल्यांनी पळवला, तरी जेवायला आला! माणिकरावांनी पाठीवरून हात फिरवला, उदास होऊ नका म्हणाले, आणि जेवणाच्या पंगतीतच आणखी दोन मुलं दाखवली. त्यातल्या एकाची पोल्ट्री होती आणि तो खाली मान घालून मठ्ठा वाढत होता.

परतीच्या एस.टी.त उत्तराने तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "तो मठ्ठा वाढणारा आपल्या निकिताला शोभेल." निकिता तिची मामेबहीण.

सर सीटवर ताठ झाले. वही काढत म्हणाले, "उद्याच जाऊन गुप्त चौकशी करतो."

"तुम्ही अजिबात जायचं नाही," उत्तरा म्हणाली. "तुम्ही चौकशी केलेल्या मुलाचं लग्न दुसरीकडं जमतं."