तीन दुपट्ट्यांचे डोमाभाऊ

आमच्या सौंसरच्या गल्लीत नवराबायकोची भांडणं व्हायची, भावाभावांची व्हायची. डोमाभाऊंचं मात्र डोमाभाऊंशीच भांडण व्हायचं, आणि मग आठ-आठ दिवस अबोला असायचा.

"काय भाऊ, कालच्या पटात कोण जिंकलं?" मी शाळेत जाता-जाता विचारायचो.

"जिंकला एक बैताड. सकाळी-सकाळी त्याचं नाव नका काढू, मास्तर."

तो बैताड म्हणजे खुद्द डोमाभाऊच!

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. जोडी हाकणारा तो धुरकरी. एकेक जोडी वेगळी धावते आणि घड्याळ लावून नंबर काढतात, म्हणून एकच धुरकरी दोन-तीन मालकांच्या जोड्या हाकू शकतो. ऐंशीच्या दशकातले ते उन्हाळे आठवतात. होळी झाली की डोमाभाऊ घरी सापडायचे नाहीत. आज मोहगाव, परवा बोरगाव, तिथून पांढुर्णा. जोड्या तीन, मालक तीन आणि डोक्याला बांधायचे दुपट्टेही तीन. बोरगावच्या पाटलांचा लाल, मोहगावच्या शेठचा पिवळा, पांढुर्ण्याच्या संत्रेवाल्याचा पांढरा. पटाच्या शेवटी जो दुपट्टा डोक्यावर असेल, तो पुढच्या पटापर्यंत उतरायचा नाही. लाल दुपट्टा असताना पिवळ्या जोडीची तारीफ केली की चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे. "ज्याचं खाल्लं त्याचं गावं," म्हणायचे. अहो, पण तुम्ही तिघांचंही खाता ना! हे कोण सांगणार त्यांना?

मोसम सुरू होण्याआधी ते जामसांवलीला जायचे आणि तिथल्या आडव्या, निजलेल्या मारुतीला तीन नारळ फोडायचे. प्रत्येक नारळामागे एकच मागणं, 'हीच जोडी पहिली येऊ दे.' मी एकदा म्हटलं, "भाऊ, तुमच्यासारखे भक्त भेटले म्हणूनच देव तिथं आडवा झाला असेल."

"देवाचं देव पाहील," डोमाभाऊ म्हणाले. "आपन आपलं मागून राहिलो."

घरी त्यांचं कोणी नव्हतं. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली. लेकरू नव्हतं. लळा होता तो फक्त सोन्याचा. सोन्या बोरगावच्या पाटलांच्या जोडीतला उजवा बैल. त्याची आई व्यायल्याबरोबर मेली, तेव्हा डोमाभाऊंनी कापडाचा बोळा दुधात बुडवून त्याला पाजलं होतं. पाटलांच्या गोठ्यात महिनाभर मुक्कामच ठोकला होता म्हणा ना. लोक हसायचे, "डोमा बाळंतीन झाला."

एका वर्षी सोन्या उतरणीला लागला होता. पाटलांनी चारचौघांत सांगून टाकलं, "मोहगावच्या पटात पहिला आला तं ठेवतो. नाई तं इकून टाकतो."

मोहगावला मी मुद्दाम गेलो. अंतिम फेरीत तिन्ही जोड्या डोमाभाऊंच्याच. आधी लाल दुपट्टा. सोन्या असा पळाला, की म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मग पांढरा दुपट्टा. ती जोडी मागं पडली. राहिली पिवळी. बोरगावचे पोट्टे ओरडायला लागले, "डोमाभाऊ, कासरा ओढून धरा! सोन्या जाईन!" मीसुद्धा ओरडलो. लाज कसली त्यात?

डोमाभाऊंनी पिवळा दुपट्टा कपाळावर घट्ट ओढला आणि "हाऽऽ बेटा!" अशी आरोळी ठोकली. पिवळी जोडी सुटली. डोळ्याचं पातं लवावं, एवढ्या फरकानं तिनं सोन्याला मागं टाकलं. गुलाल डोमाभाऊंवर उधळला आणि डोमाभाऊ छकड्यावरून उतरेचनात.

मला राग आला होता. "जरा कासरा ओढला असता तर काय बिघडलं असतं? कोणाला कळलं असतं?"

"मास्तर, ते मुकं जनावर जीव तोडून पळून राहिलं होतं. त्याले काय सांगू, हळू पळ मनून?"

पाटील शब्दाचे पक्के. सोन्या पांढुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याला विकला गेला. ट्रकमध्ये त्याला चढवायचं नाही असं डोमाभाऊंनी बजावलं आणि रात-दिवस चालवत स्वतः पोचवायला निघाले. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बसनं तिथं गेलो.

डोमाभाऊ नव्या मालकाला समजावत होते. "पानी आधी त्याच्यापुढं ठेवा, कुटार मागून. पाठीवर हात फिरवा. ओरडू नका, रुसते तो. दोन-चार दिवस खानार नाई, घाबरू नका."

सोन्यानं गव्हाणीत तोंड घातलं आणि कुटार खायला लागला. शेजारच्या बैलाचं अंग चाटलं. आमच्याकडे एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दिवस मावळत आला होता. मी म्हटलं, "चला भाऊ, शेवटची बस जाईल."

"तुमी व्हा पुढं. मी राहातो आज इथंच. नवी जागा आहे, सवय होऊ द्या."

"अहो, त्याला झाली की सवय. पाहा, कसा खातोय."

डोमाभाऊंनी गोठ्याच्या खांबाला पाठ टेकली आणि खाली बसले.

"त्याले झाली, मास्तर," ते म्हणाले. "मले तं होऊ द्या."